पोराला पत्ता न लागता? नको, ताई

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: लेकराच्या फोनवर नजर कशी ठेवायची. दारव्ह्याला माझं संगणक केंद्र आहे, तिथंही हल्ली आईबाप एमएस-सीआयटीची फी विचारता विचारता हळूच हेच विचारतात. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न: मी आशा म्हणून काम करते. मालकांची ५ एकर शेती आहे, कापूस आणि तूर. मुलगा आठवीत आहे, १३ पूर्ण झाली. शिकवणीसाठी तालुक्याला जातो आणि सर गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकतात, म्हणून दिवाळीत त्याला जुना फोन घेऊन दिला. आता रात्री बाराला उठले तरी गोधडीत उजेड दिसतो. जवळ गेले की फोन पालथा करतो. विचारलं की "काई नाई, अभ्यास." बाजारातला मोबाईलवाला म्हणाला, "ताई, १५०० रुपये द्या, वर्षभर त्याचं सगळं तुमच्या फोनवर दिसन. मेसेज, फोटो, कोनाशी बोलला ते. पोट्ट्याले पत्ताबी लागनार नाई." मालक म्हणतात, टाकून घे. माझं मन धजत नाही, पण जिवाला घोरही लागला आहे. फोन काढून घेतला तर शिकवणी बुडते. कोणतं ॲप घ्यावं? मला इंग्रजी फारसं येत नाही.
— एक आई, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, मन धजत नाही ना, मग त्याचंच ऐका. ते १५०० रुपये घरात राहू द्या. तुम्हाला जे हवं आहे त्यातलं बहुतेक गुगलच्या फॅमिली लिंक या ॲपमध्ये फुकट मिळतं, आणि ते मुलाला शेजारी बसवूनच टाकायचं असतं. ते कसं टाकायचं हे सांगतेच, पण आधी तो मोबाईलवाला तुम्हाला काय विकतो आहे ते समजून घ्या.

गुगलच्या प्ले स्टोअरचा नियम असा आहे की नजर ठेवणाऱ्या ॲपनं लपून राहायचं नाही. त्याचं चिन्ह फोनवर दिसलं पाहिजे आणि ते चालू असल्याची सूचनाही सतत वर दिसली पाहिजे. 'पत्ता लागणार नाही' अशा ॲपला तिथं परवानगीच नाही. मग मोबाईलवाला ते आणतो कुठून? बाहेरून उतरवलेल्या एपीके फाइलमधून, म्हणजे प्ले स्टोअर टाळून ॲप बसवणाऱ्या फाइलमधून. 'पीएम किसान', 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चालान' अशा नावानं व्हॉट्सॲपवर ज्या फाइली फिरतात आणि उघडणाऱ्याचं खातं साफ करतात, त्याही याच वाटेनं येतात. ही फाइल बसवताना मोबाईलवाला दोन गोष्टी हमखास करतो. 'अनोळखी ठिकाणाहून ॲप घेऊ द्या' ही परवानगी चालू करतो आणि प्ले प्रोटेक्ट बंद करतो. म्हणजे फोनचा पहारेकरीच हाकलून देतो.

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी असाच फोन घेऊन केंद्रात आले. तक्रार एवढीच होती की दुपारपर्यंत बॅटरी उतरते आणि खिशात फोन तापतो. मी सेटिंग्जमध्ये जाऊन 'ॲक्सेसिबिलिटी' उघडलं. ही सोय खरं तर ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशांसाठी केलेली आहे. म्हणूनच ज्या ॲपला ती दिली ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, आपलं बोट न लागता बटणंही दाबू शकतं. तिथं 'सिस्टिम सर्व्हिस' नावाचं काहीतरी चालू दिसलं. ॲपच्या यादीत नाव साधं, चिन्ह कोरं. काढायला गेले तर निघेना, कारण 'डिव्हाइस ॲडमिन'मध्येही, म्हणजे फोनचा ताबा देणाऱ्या परवानगीतही, तेच बसलेलं. तिथली टिक आधी काढली, तेव्हा कुठं ते निघालं. मुलावर नजर ठेवायला म्हणून त्यांनी एका दुकानातून ते टाकून घेतलं होतं. पण फोन मुलाचा असला तरी त्यातलं सिम बापाच्या बँक खात्याला जोडलेलं होतं. कापसाच्या चुकाऱ्याचा मेसेज, ओटीपी, सगळं त्या ॲपच्या डोळ्यांखालून जात होतं. पैसे गेले नाहीत, हे नशीब. ही माहिती कुठं साठते, हे टाकून देणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

मोठ्या कंपनीचं घेतलं तर बरं, असंही समजू नका. एमस्पाय हे जगभर विकलं जाणारं नजर ठेवायचं ॲप. २०२४ मध्ये त्यांच्याकडे मदत मागणाऱ्या गिऱ्हाइकांचे लाखो संदेश चोरीला जाऊन बाहेर पडले. कोण कोणावर नजर ठेवत होतं, तेही त्यात उघडं झालं. तुमच्या लेकराचे फोटो आणि गप्पा अशा ठिकाणी साठवायच्या असतील तर आधी विचार करा.

आणि समजा, यातलं काहीच झालं नाही, ॲप अगदी चोख चाललं. तुम्ही त्याच्या मित्राशी झालेल्या बोलण्यात काहीतरी वाचलं. पुढे काय कराल? गुपचूप वाचलेलं बोलून दाखवता येत नाही. बोललात की त्याला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी तो मित्राच्या फोनवरून बोलायला लागतो. नाही बोललात तर कळूनही तुमच्या हातात काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या आया इथंच अडकलेल्या असतात. मुलाच्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक असतं, पण मुलाशी त्यावर बोलायची सोयच राहिलेली नसते.

आता फॅमिली लिंक. सुरुवात त्याच्या फोनवरून करू नका, तुमच्या फोनवरून करा. ताई, तुम्ही आशा आहात, तुमच्या ॲपमध्ये गरोदर मायांच्या, लेकरांच्या नोंदी भरायला मुलगाच मदत करतो की नाही? बहुतेक घरी असंच असतं. मग तुमच्या फोनचा पिन त्याला पाठ आहे, तुमचं जीमेल कदाचित त्यानंच काढलं आहे आणि पासवर्डही त्यालाच माहीत आहे. अशा फोनवरून त्याच्यावर देखरेख ठेवली तर फोन वापरायची स्वतःची मुदत तो तुमच्याच फोनवरून वाढवून घेईल, तुम्हाला कळणारही नाही. म्हणून आधी पिन बदला, जीमेलचा पासवर्ड बदला, नवा पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही त्याच्या दप्तराजवळ ठेवू नका. नोंदी भरायला त्याची मदत लागलीच तर फोन तुम्ही उघडून द्या.

दुसरी अडचण जन्मतारखेची. जुना फोन विकताना दुकानात घाईघाईनं जीमेल काढून देतात आणि जन्मवर्ष म्हणून जे सुचेल ते टाकतात, पुष्कळदा १९९० वगैरे. गुगलच्या हिशेबी मग तुमचा आठवीतला मुलगा तिशी ओलांडलेला माणूस होतो. मोठ्या माणसाच्या खात्यावर आईबापाची देखरेख बसत नाही. त्याच्या गुगल खात्यातल्या वैयक्तिक माहितीत जाऊन खरी तारीख टाका. फोन अँड्रॉइड ७ किंवा त्याच्या पुढचा आहे का तेही 'अबाउट फोन'मध्ये बघून घ्या.

मग रविवारी दोघं बसा, मालकांनाही बसवा. तुमच्या फोनवर प्ले स्टोअरमधून फॅमिली लिंक घ्या. त्याच्या फोनवर सेटिंग्ज, त्यात गुगल, त्यात पॅरेंटल कंट्रोल्स. पुढे फोन विचारत जातो: हा फोन कोणाचा, खातं कोणतं, पालक कोण. एका ठिकाणी मुलाला स्वतःचा पासवर्ड टाकून होकार द्यावा लागतो. या ॲपची मला सगळ्यात पटणारी गोष्ट हीच. त्याच्या हातानं होकार दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. त्यानं कुरकुर केली तर करू द्या, पण काय दिसेल आणि काय दिसणार नाही ते त्याला तोंडानं सांगा.

तुम्हाला दिसेल ते असं: कोणतं ॲप किती वेळ चाललं, फोन कुठं आहे, नवं ॲप घ्यायला त्यानं परवानगी मागितली आहे का. व्हॉट्सॲपवर तो काय लिहितो ते दिसणार नाही. आठवीतल्या मुलासाठी मी इथंच थांबते. तो मित्राला काय म्हणाला हे तुम्ही वाचायची गरज नाही. पण रात्री दोनपर्यंत जागतो का आणि अनोळखी माणूस त्याच्यापर्यंत पोचतो का, हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे.

रात्रीची वेळ ठरवा, समजा साडेनऊ ते सकाळी सहा. त्या वेळात फोन कुलूपबंद राहतो, आलेला कॉल मात्र घेता येतो. शिकवणीचं व्हॉट्सॲप दिवसा मोकळं ठेवा. यूट्यूब आणि गेमला वेगवेगळी मुदत लावता येते, ती लावा. खेड्यातल्या मुलांचा खरा वेळ खातात ते यूट्यूबचे शॉर्ट्स, व्हॉट्सॲप त्याच्या खूप मागे. यूट्यूबला मुदत लावली की पोरं क्रोममध्ये जाऊन तेच यूट्यूब उघडतात, म्हणून क्रोमवर ती साइट बंद करा किंवा क्रोमलाही मुदत लावा. साइटवरचे निर्बंध क्रोममध्येच चालतात, तेव्हा दुसरा कोणता ब्राउझर फोनवर असेल तर तो काढा. रेडमीच्या बऱ्याच फोनांत 'सेकंड स्पेस' नावाचा दुसरा कप्पा असतो आणि काही फोनांत एकाच ॲपच्या दोन प्रती करता येतात, तेही उघडून पाहा. आणि आजीचा फोन विसरू नका. घरातली सगळ्यात मोठी पळवाट तीच असते, त्यावर ना पिन असतो ना मुदत.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' यावर 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, आणि अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सोय चालू करा. पोरांना पैसे दुप्पट करून देणाऱ्या आणि घाणेरड्या व्हिडिओच्या ग्रुपमध्ये ओढलं जातं ते याच दारानं. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मते कोणत्याही नजर ठेवणाऱ्या ॲपपेक्षा याचा उपयोग जास्त.

रात्रीचा फोन मात्र ॲपवर सोडू नका. तो स्वयंपाकखोलीत चार्जिंगला लागू द्या, तुमचा आणि मालकांचाही. गोधडीतला उजेड पहिल्या रात्रीपासून बंद होईल.

एक गोष्ट त्याच रविवारी त्याच्याकडून वदवून घ्या. कोणी फोटो मागितला, धमकावलं, पैसे मागितले, तर तो आधी तुम्हाला सांगेल, आणि त्या दिवशी फोन काढून घेणार नाही असा शब्द तुम्ही द्याल. तुमच्या बाजूचा शब्द मोडायचा नाही, काहीही झालं तरी. असं काही घडलंच तर चॅट पुसायचा नाही, स्क्रीनशॉट काढायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. बाकीची तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर करता येते, आणि लेकरांसाठीचा १०९८ हा नंबर तर तुम्ही आशा म्हणून गावाला सांगतच असाल.

पैसे देऊन घ्यायची ॲप्सही आहेत: क्वस्टोडिओ, नॉर्टन फॅमिली, कॅस्परस्की सेफ किड्स. घरात मुलाच्या हाताशी कॉम्प्युटरही असेल तर त्यांचा विचार करावा. एका जुन्या अँड्रॉइड फोनसाठी वर्षाला पैसे भरायची तुम्हाला काहीच गरज नाही. दारव्हा तुमच्याच जिल्ह्यात आहे. जमलं नाही तर दोन्ही फोन आणि मुलगा, तिघांना घेऊन या.

प्रश्न: माझी मुलगी अकरावीला आहे, मूलला कॉलेजात जाते. जाताना मानव विकासच्या निळ्या बसनं जाते, परतायला कधी कधी अंधार होतो. रस्ता जंगलातला, वाघाचा वावर आहे. त्यामुळे ती कुठं आहे हे कळावं असं वाटतं. मुलगा २१ चा आहे, तो म्हणतो मी तिच्या फोनवर एक ॲप टाकतो, ती कुठं आहे तेही दिसेल आणि इन्स्टावर कोणाशी बोलते तेही. तिला सांगायचं नाही म्हणतो. काय करावं?
— एक वडील, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर: भाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलानं त्या एकात गुंडाळल्या आहेत.

जंगलातल्या रस्त्याची काळजी रास्त आहे, आणि त्यासाठी कोणतंही नवं ॲप लागत नाही. व्हॉट्सॲपवर 'लाइव्ह लोकेशन' असतं. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास, असं ती स्वतः ठरवून तुम्हाला पाठवू शकते. बसमध्ये बसली की चालू करायचं, घरी आली की बंद. ठिपका सरकतो तो तुमच्या डोळ्यांसमोर.

पण हे नीट समजून घ्या, नाहीतर विनाकारण जीव टांगणीला लागेल. फोन कुठं आहे हे आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं, त्याला नेटवर्क लागत नाही. ते ठिकाण तुमच्यापर्यंत पोचवायला मात्र इंटरनेट लागतं. जंगलाच्या पट्ट्यात रेंज गेली की ठिपका होता तिथंच थिजतो. खाली 'इतक्या मिनिटांपूर्वी' असं लिहिलेलं असतं ते आधी वाचा. बस रोज कोणत्या वळणावर गायब होते आणि किती वेळानं पुन्हा दिसते, हे आठवडाभर बघितलं की तुमच्या अंगवळणी पडेल. त्याच्यापेक्षा उशीर झाला तर मग फोन करा, बसच्या वाहकाला किंवा सोबतच्या मुलीच्या घरी. अशा दोन-तीन घरांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. रेंज नसते तेव्हा कामाला येतो तो हा कागद.

आता इन्स्टाग्राम. लपवून टाकलेलं ॲप तिच्या भावाच्या हातात द्यायचं, याला माझा ठाम विरोध आहे. त्या ॲपमधून तिचे मेसेज आणि फोटो आधी अनोळखी कंपनीकडे जातात, मग एका २१ वर्षांच्या मुलाच्या फोनवर. घरातल्या मुलीच्या फोनची चावी अशी कोणाकडेच नसावी. तो स्वतः १६ चा होता तेव्हा त्याच्या फोनवर कोणी नजर ठेवली होती का, हेही त्याला विचारा.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. मुलीला कोणी त्रास दिला तर ती घरी का सांगत नाही, ठाऊक आहे? 'कॉलेज बंद करतील' या धास्तीनं. केंद्रात येणाऱ्या मुलींच्या तोंडून मी हेच वाक्य ऐकते. जो त्रास देतो त्यालाही हे माहीत असतं, म्हणूनच 'घरी सांगीन' ही त्याची धमकी चालते. तुम्ही तिला एकदा स्वच्छ सांगा, की काहीही झालं तरी तुझं शिक्षण मी थांबवणार नाही. त्या धमकीतला दम तिथंच संपतो. हे काम जगातलं कोणतंच ॲप करत नाही.

इन्स्टाग्रामचीही स्वतःची सोय आहे. तिथं तिची खरी जन्मतारीख असेल तर खातं 'टीन अकाउंट' होतं. भारतात हे २०२५ पासून आहे. त्यात नवं खातं सुरुवातीला आपोआप खाजगी असतं, अनोळखी माणसाला तिला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प असतात. पालक म्हणून तुम्ही जोडले गेलात तर गेल्या ७ दिवसांत ती कोणाशी बोलली ही नावं दिसतात, बोलणं दिसत नाही. हे तिच्याशी बोलून, तिच्या समोर, तुम्ही किंवा तिच्या आईनं करा. भावानं नाही.

प्रश्न: घरात एकच मोठा फोन, तो माझा. नातू दहा वर्षांचा, माझ्याच फोनवर गेम खेळतो. मागच्या महिन्यात खात्यातून ३२०० रुपये गेले, गेममध्ये काही विकत घेतलं म्हणे. सोयाबीनचे पैसे होते ते. त्याच्यासाठी कोणतं ॲप टाकू?
— एक आजोबा, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर: काकाजी, नजर ठेवायचं ॲप लेकराच्या स्वतःच्या फोनसाठी असतं. फोन तुमचा, खातं तुमचं, तर ते इथं लागू पडत नाही. इथं बंदोबस्त पैशाचा करायचा आहे.

प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमच्या फोटोवर दाबा, सेटिंग्जमध्ये 'खरेदीची पडताळणी' शोधा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा. तिथंच पेमेंटच्या जागी कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर काढून टाका. यूपीआयचा पिन नातवाला माहीत आहे का, हे त्यालाच प्रेमानं विचारा. बहुतेक माहीत असतो, कारण दुकानात पैसे पाठवताना आपणच म्हणतो, "टाक रे बाबू." पिन बदला आणि ते आकडे यापुढे स्वतःच टाका. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाऐवजी त्याच्या बापाला बसवा.

खेळायला द्यायचाच असेल तर 'ॲप पिनिंग' चालू करा. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात सापडेल, तिथंच बाहेर पडताना पिन विचारायची सोयही चालू करा. एक गेम उघडून तो पडद्यावर खिळवला की तुमचा पिन टाकल्याशिवाय त्याला त्यातून बाहेर पडता येत नाही. फोनपे नाही, व्हॉट्सॲप नाही, फक्त तो खेळ. एवढी साधी सोय आणि जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, तरी कोणी दुकानदार सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गेलेल्या पैशाचं: प्ले स्टोअरवरून खरेदी झाली असेल तर ४८ तासांच्या आत परतावा मागणं सोपं असतं. तुमचा महिना झाला आहे, तरीही लेकरानं न विचारता केलेली खरेदी म्हणून गुगलकडे अर्ज करून बघा. मिळतीलच असं म्हणत नाही. कोणी तुम्हाला सांगेल की ऑनलाइन गेमवर सरकारनं बंदी घातली आहे. २०२५ चा तो कायदा पैसे लावून जिंकण्या-हरण्याच्या खेळांवर आहे. गेममधले हिरे आणि कपडे विकत घेणं त्यात येत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. आणि काकाजी, नातवाला मारू नका. दहा वर्षांच्या लेकराला पडद्यावरचे आकडे म्हणजे सोयाबीनचे पैसे हे कळत नाही. पुढच्या वेळी बाजार समितीत माल घेऊन जाल तेव्हा त्याला सोबत न्या.

प्रश्न: पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला होता. आमच्या गावातही तसाच घ्यावा असं काही सदस्यांचं मत आहे. तुमचं काय मत?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर: बान्सीनं तो ठराव २०२२ च्या नोव्हेंबरात घेतला, आणि त्यामागची कळकळ मला मान्य आहे. पण गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तिथं सरसकट बंदी गरीब घरातल्या मुलांवर पहिली पडते, कारण त्यांच्याकडे दुसरं साधनच नसतं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं केलेलं मला जास्त पटतं. तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही आणि फोन बंद. लहानांचेही आणि मोठ्यांचेही. मोठ्यांचे बंद होत नसतील तर भोंगा लावूच नका.

तुम्ही तसा ठराव घेतलात तर त्यात दोन ओळी जोडा. त्या दीड तासात गावातली अभ्यासिका किंवा शाळेची एक खोली उघडी राहील, आणि तिची किल्ली कोणाकडे असेल. शेताला रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात बाप मोटार चालू करायला जातो, आई स्वयंपाकात असते, लेकराजवळ कोणीच नसतं. अशा संध्याकाळी खोली उघडायला कोण जाईल त्याचं नावही ठरावात लिहा, आणि त्या खोलीत दिवे गेले तर चालेल असा एक इन्व्हर्टर वित्त आयोगाच्या निधीतून बसतो का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) याच बैठकीत विचारून घ्या.